हंगाम आणि हंगामी

इंग्रजीतल्या 'सीझन'साठी मराठी क्रीडापत्रकारितेने 'हंगाम' हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यामागे फार विचार झाला असेल असे नाही. पण निवड मोठी नेमकी झाली. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत रुजला तो शेताच्या बांधावर. खरीप आणि रब्बी हे आपले हंगाम. त्यात पेरणी आहे, पावसाची वाट पाहणे आहे, आणि आलेले पीक अखेर कोणाच्या कणगीत जाणार हा जुना प्रश्नही आहे. त्याच शब्दावरून झालेले 'हंगामी' हे विशेषण मात्र कचेऱ्यांत जाऊन बसले: हंगामी कामगार, हंगामी नेमणूक. ज्याचे काम हवे असते, पण ज्याला कायम करण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, तो हंगामी. महिलांच्या एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या १९७१-७२ च्या हंगामाविषयी लिहिताना हे दोन्ही अर्थ आमच्या मनात आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांनी बास्केटबॉलच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. आम्ही या खेळाचे जाणकार नाही. कथनमीमांसा शिकवताना घटनाक्रम आणि कथानक यांतला भेद समजावण्यासाठी उदाहरण हवे होते. कादंबऱ्यांतली उदाहरणे वाचलेली असावी लागतात आणि वर्गात ती सगळ्यांनी वाचलेली नसतात. खेळाचा हंगाम त्या कामी बरा पडतो. सामने आधी ठरलेले, निकाल आकड्यांत नोंदलेले. घटनाक्रमाबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो त्यातून गोष्ट कशी रचली जाते यावरून. इमॅक्युलाटा कॉलेजच्या हंगामाची जी गोष्ट जगभर सांगितली जाते, तिच्याशी आमचा असाच वाद आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळ, जोगिणींनी चालवलेले मुलींचे हे छोटेसे कॅथलिक महाविद्यालय. १९६७ साली व्यायामशाळा जळाली, त्यामुळे घरचे मैदान नाही. सराव मठाच्या इमारतीतील तळघरात. अंगावर लोकरी झग्यांचा जुन्या वळणाचा गणवेश. १९७० मध्ये कॅथी रश ही विशीतली तरुणी प्रशिक्षक म्हणून आली, तिचे मानधन साऱ्या हंगामाचे मिळून ४५० डॉलर. मार्च १९७२ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथवरच्या प्रवासासाठी मुलींनी टूथब्रश विकून पैसे जमवले, तरी आठच खेळाडूंना नेणे परवडले. विमानात जागा उरल्या तर मिळतील अशा सवलतीच्या तिकिटांवर त्या गेल्या. सोळा संघांत त्यांचे मानांकन पंधरावे. आणि त्या आठजणी विजेत्या ठरल्या. एका खेळाडूच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. तिथल्या बादल्या बडवून प्रोत्साहन देणाऱ्या जोगिणी पुढे या संघाइतक्याच प्रसिद्ध झाल्या.

हे सारे खरे आहे. वर्गात सांगितले की पोरे म्हणतात, 'हा तर सिनेमाच!' सिनेमा निघालाही: 'द माइटी मॅक्स', २०११ साली तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. आमची अडचण पुढे आहे. या गोष्टीतली प्रत्येक ठळक वस्तू म्हणजे तिच्यात *नसलेली* वस्तू आहे. व्यायामशाळा नाही, पैसा नाही, पुरेसे खेळाडू नाहीत, मानांकन नाही. जिंकणे हे जणू या अभावांच्या बेरजेतून आपोआप निष्पन्न झाले. आमच्याकडच्या सत्कारसमारंभांत 'कोणत्याही सुविधा नसताना' हे शब्द ज्या गौरवाने उच्चारले जातात, त्याच जातीचे हे कथन आहे. सुविधा का नव्हत्या, हे त्या व्यासपीठावर विचारायचे नसते; बहुधा त्या न देणारेच तिथे हार घालायला उभे असतात.

आता घटनाक्रमाकडे परत जाऊ. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीच्या विभागीय स्पर्धेत इमॅक्युलाटाची गाठ वेस्ट चेस्टर स्टेटशी पडली. दोन्ही महाविद्यालये एकाच चेस्टर परगण्यातली, एकमेकांपासून काही मैलांवर. वेस्ट चेस्टरने तो सामना ७०-३८ असा जिंकला. बत्तीस गुणांची हार ही निसटती हार नव्हे; तीत दैवाला बोल लावायला जागा उरत नाही. त्यानंतर नॉर्मल येथे इमॅक्युलाटाने साउथ डकोटा स्टेटला ६०-४७, इंडियाना स्टेटला ४९-४७ आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या मिसिसिपी स्टेट कॉलेज फॉर विमेनला ४६-४३ असे हरवले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा वेस्ट चेस्टर. निकाल ५२-४८.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात ज्याला विपर्यय म्हटले, म्हणजे कृतीचे अपेक्षेच्या उलट दिशेला वळणे, त्याचा हा नमुना वाटतो. पण आकडे जरा शेजारी ठेवून पाहावेत. दोन सामन्यांतला फरक एकूण छत्तीस गुणांचा. त्यांपैकी इमॅक्युलाटाने स्वतःचे चौदा गुण वाढवले. उरलेले बावीस वेस्ट चेस्टरचे कमी झाले. राष्ट्रीय स्पर्धेतील चारही प्रतिस्पर्ध्यांना पन्नाशी गाठता आली नाही: ४७, ४७, ४३, ४८. हा हंगाम बादल्यांनी जिंकलेला नाही. समोरच्याला गुण मिळू न देण्याच्या संथ, कंटाळवाण्या, शिस्तबद्ध कामाने तो जिंकला. बचाव हा छायाचित्रात नीट येत नाही आणि गोष्टीत तर त्याहून येत नाही. झालेल्या गोष्टी सांगणे सोपे, होऊ न दिलेल्या सांगणे कठीण. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबावे असे आम्हांला वाटते. कथनातून काय गळते हे शोधण्याची इतकी सोपी जागा सहसा मिळत नाही.

म्हणजे या आठजणींकडे काय *होते*, हा खरा प्रश्न. उंच, चपळ थेरेसा शँक होती. अंतिम सामन्यातील ५२ पैकी २६ गुण तिचे एकटीचे. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक शाळांची आपसांतली स्पर्धा होती. तिथे या मुली शाळकरी वयापासून चुरशीने खेळत आल्या होत्या. खेळ समजणारी प्रशिक्षक होती. आणि नियम बदललेले होते. सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला, तेव्हा त्यांना दम लागू नये, धसमुसळेपणा होऊ नये, म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले होते. आपल्या भागाची रेषा ओलांडायची नाही. ही आखणी सैल होत होत सहाजणींच्या खेळापर्यंत आली. पाचजणींनी साऱ्या मैदानभर धावायचे, हा नियम महाविद्यालयीन महिलांसाठी १९७१ मध्ये पक्का झाला. मुलींनी किती धावावे हे ठरवणारी रेषा पुसायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. ती पुसली गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. बचावाने जिंकता आले ते यामुळेही. साऱ्या मैदानात पाठलाग करायची मुभा नसती तर दबाव आणायचा कुठे?

त्या स्पर्धेनंतर तीन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली, त्यातले एक कलम 'टायटल नाइन' म्हणून ओळखले जाते. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते कलम म्हणते. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. पण महिलांच्या खेळाचे दिवस पालटले ते त्यानेच. महिलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा आधी खेळाडूंना शिष्यवृत्त्या देण्याला विरोध होता. १९७३ मध्ये न्यायालयात आव्हान मिळाल्यावर तो तिने सोडला. मोठी विद्यापीठे पैसा घेऊन उतरली. इमॅक्युलाटाने १९७३ आणि १९७४ मध्येही विजेतेपद राखले, १९७५ आणि १९७६ मध्ये अंतिम सामन्यात हार पत्करली, आणि १९७७ मध्ये सात हंगामांनंतर रश पायउतार झाल्या. त्यांचा हिशेब १४९ विजय आणि १५ पराभव असा होता. ते छोटे महाविद्यालय पुन्हा कधी राष्ट्रीय पटलावर आले नाही. सगळेच निर्धन असताना जी बरोबरी होती, ती हक्क मिळताच संपली. या हक्काबद्दल आमच्या मनात किंचितही किंतु नाही. पेरणी एकाने करावी आणि पीक दुसऱ्याच्या कणगीत जावे, याचे हे उदाहरण आहे एवढेच आम्ही नोंदवतो.

अर्थात पीक नेणाऱ्यांचाही इतिहास असतो. १९७५ आणि १९७६ ला ज्यांनी इमॅक्युलाटाला हरवले, त्या मिसिसिपीतील डेल्टा स्टेटच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड. त्या स्वतः याच महाविद्यालयाच्या संघात होत्या तेव्हा, १९३२ मध्ये, हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही असे ठरवून संघच बंद केला गेला. मुलींनी आपले गणवेश जाळले. संघ पुन्हा उभा राहिला १९७३ मध्ये, आणि तो उभा करायला वेड यांनाच बोलावण्यात आले. एकेचाळीस वर्षे पडीक ठेवलेले हे रान. त्यांच्या संघातील लूशिया हॅरिस या कृष्णवर्णीय खेळाडूने १९७६ च्या ऑलिंपिकमधला महिला बास्केटबॉलचा पहिलावहिला गुण नोंदवला. परीकथेत प्रतिस्पर्धी हा राक्षस असावा लागतो. हंगामात समोरच्या बाजूलाही कोणीतरी वाट पाहिलेली असते.

आणि परीकथा जिथे संपते त्यापुढची पानेही वाचावी लागतात. थेरेसा शँक लग्नानंतर ग्रेंट्झ झाल्या, प्रशिक्षक झाल्या. १९८२ मध्ये पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने महिलांच्या स्पर्धा आपल्याकडे घेतल्या आणि महिलांनी चालवलेली संघटना मोडली. तिची शेवटची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली ती ग्रेंट्झ यांच्या रटगर्स संघाने. पहिले विजेतेपद खेळाडू म्हणून, अखेरचे प्रशिक्षक म्हणून. १९७३ आणि १९७४ च्या संघांतील मारियान क्रॉफर्ड, पुढे स्टॅन्ली, यांनी १९९३ मध्ये आपल्या विद्यापीठाकडे पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतके वेतन मागितले, न्यायालयात गेल्या आणि हरल्या. १९७२ च्या आठजणींतील रेने म्यूथ, पुढे पोर्टलंड, यांची कहाणी अधिक अवघड. पेन स्टेट येथे त्या सत्तावीस हंगाम यशस्वी प्रशिक्षक होत्या. पण समलिंगी खेळाडूंना त्या संघात थारा देत नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षे होती. एका माजी खेळाडूच्या तक्रारीनंतर विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना दंड केला आणि २००७ मध्ये त्यांनी पद सोडले. बादल्या ज्यांच्या वडिलांच्या दुकानातल्या होत्या, त्या याच. दार उघडणाऱ्यांत जी होती, तीच पुढे दुसऱ्या कोणासाठी दार लावून घेऊ शकते, हे सिनेमाला पेलणारे नाही. कादंबरीला मात्र ते पेलावे.

हे आम्हांला इतके का लागते, तेही सांगायला हवे. आमच्यापैकी कित्येकांनी तासिका तत्त्वावर वर्षे काढली आहेत. दर हंगामाला नवी मुलाखत, उन्हाळ्यात शून्य पगार. 'साडेचारशे डॉलरांत केवढी कामगिरी!' असे रश यांच्याविषयी वाचले की कौतुकाआधी धास्ती वाटते. कमी पैशांत झालेले चांगले काम हे पुढच्या वर्षीही कमी पैसे देण्याचे कारण होऊ शकते, हे ज्याने भोगले आहे त्याला अभावाचे कौतुक गोड लागत नाही. आमच्या वर्गांतल्या ज्या मुली पहाटे मैदानावर जाऊन मग तासाला येतात, त्यांना इमॅक्युलाटाची गोष्ट आम्ही सांगतो. पण 'काही नसतानाही जिंकल्या' असे सांगत नाही. काय असल्यामुळे जिंकल्या, आणि आणखी काय मिळायला हवे होते, असे सांगतो. अमेरिकेतही प्रश्न सुटलेला नाही. १९७२ मध्ये तिथे महिलांच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांत दहांपैकी नऊहून अधिक स्त्रिया होत्या. पगार वाढले, प्रतिष्ठा आली, आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण निम्म्याखाली उतरले होते. हंगामी काम बायकांचे. कायम झाले की वाटेकरी वाढतात.

शेवटी वेस्ट चेस्टरविषयी. त्या संघाच्या प्रशिक्षक कॅरोल एकमन. महाविद्यालयीन महिलांची राष्ट्रीय स्तरावरची पहिली निमंत्रितांची स्पर्धा १९६९ मध्ये त्यांनीच आपल्या महाविद्यालयात भरवली. सोळा संघ बोलावले आणि ती जिंकलीही. १९७२ ची अधिकृत स्पर्धा त्याच पायावर उभी होती. कॅथी रश वेस्ट चेस्टरच्याच विद्यार्थिनी. म्हणजे एकमन यांनी चालू केलेल्या स्पर्धेत, त्यांच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने तयार केलेल्या संघाने, त्यांना चार गुणांनी हरवले. नोंदवहीत हा पराभव म्हणून लिहिलेला आहे आणि नोंदवहीला तेवढेच लिहिता येते. एकमन १९८५ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार आता महिला संघाच्या प्रशिक्षकाला दिला जातो, आणि तो देताना केवळ जिंकलेले सामने मोजत नाहीत.