रीळ लावून दाखवा

काठी त्याने माझ्या हातात दिली, पण रीळ लावून दिली नाही. दोन वर्षं होत आली, तरी त्या दुकानातला अर्धा तास माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर चांगली काठी मिळाली, चांगले मासेही मिळाले. तरी रात्री कधी जाग आली की मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत असते.

मी तंजावरची. राजवाड्यामागच्या एका गल्लीत आमचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची घराणी व्यंकोजीराजांबरोबर इकडे आली वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. आप्पांना गळाचा नाद होता. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाने 12 जूनला सोडतात. ते कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचून, तिथून वाटलं जाऊन आमच्या वडवारू नदीत यायला काही दिवस लागायचे, आणि तेवढे दिवस आप्पा रोज संध्याकाळी पुलावर जाऊन बघून यायचे. पाणी आलं की बांबूची काठी, तंगूस, शिशाची एक गोळी आणि डबीभर गांडुळं. गळ तळाला टाकून शिंगटी काढायची. इथे तिला केळुत्ती म्हणतात. दहा वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर जायची, मग घरातल्या बायकांनी ते बंद केलं. पुढे नोकरी, संसार, निवृत्ती. निवृत्तीच्या आदल्या वर्षी उजव्या मनगटाच्या नसेची शस्त्रक्रिया झाली. जड काही लटकतं धरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि नेमकी तेव्हाच मला पुन्हा गळ टाकायची ओढ लागली. का लागली ते सांगता येणार नाही. आप्पा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, एवढंच सांगते.

मल्लिपट्टिणमच्या समुद्रात होडीतून तळाला गळ टाकायचा, असं भाच्याशी ठरलं. त्यासाठी आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. मी दुकानदाराला नीट सांगितलं : पाणी चार वावांच्या आसपास, होडी उभी, गळ तळाला, मनगट अधू, तेव्हा हलकी काठी आणि हलकं रीळ दाखवा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या भाच्याकडे वळून विचारलं, ‘‘तंबी, कुठे जाणार?’’

भाच्याने सांगितलं, ‘‘मला नाही, आत्याला हवंय.’’ त्यावर मान हलवून तो पुन्हा भाच्यालाच सांगू लागला, ‘‘बॉटमला हलकं चालत नाही, तंबी. मासा खडकात शिरतो, उपटून काढावा लागतो. आठ फुटी घे, सहा हजार नंबरचं रीळ घे. आयुष्यभर बघायला नको.’’ मल्लिपट्टिणमसमोर खडक कुठला? पाल्कच्या उपसागराचा तो भाग म्हणजे उथळ पाणी, चिखल, वाळू आणि समुद्रगवताची कुरणं. ते गवत खाणाऱ्या समुद्रगाईंसाठी तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यासमोरचं 448 चौरस किलोमीटर पाणी 2022 साली राखीव झालं. मी हे सांगायला लागले, तोवर तो खोकी काढायला वळला होता.

नुसती काठी त्याने माझ्या हातात दिली. मी म्हटलं, ‘‘रीळ लावून दाखवा.’’ तो म्हणाला, ‘‘वजनात काय मोठा फरक पडणार, मॅडम?’’ मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, खोकं उघडलं की माल जुना होतो. मी समोरच्या काचेवर उघडंच पडलेलं एक रीळ दाखवलं, हे तरी लावा म्हटलं. ते त्या काठीचं नाही, म्हणाला. रीळ बसवायला किती वेळ लागतो? खोबणीत पाय सरकवायचा आणि आटा फिरवायचा. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

भाचा ओशाळला होता. तिसऱ्यांदा मागायचं माझ्याच्याने झालं नाही. 7,400 रुपये मोजून मी पावती घेत होते, तेवढ्यात कॉलेजातला एक मुलगा आत आला. त्याने काही मागायच्या आधीच दुकानदाराने एक काठी काढली, तेच काचेवरचं रीळ तिला बसवलं आणि त्याच्या हातात दिली. ‘‘हलवून बघ, तंबी.’’ मुलाने हवेत दोनदा झटका दिला, ठेवून दिली आणि काही न घेता गेला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी पावतीची घडी घातली आणि बाहेर आले. बोलले नाही. का बोलले नाही? तीस वर्षं नोकरीत मी माझ्याहून मोठ्या आवाजाच्या माणसांना नियम दाखवले आहेत. त्या दिवशी मात्र घशातून शब्द फुटला नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवलं. काठी 370 ग्रॅम, रीळ 615 ग्रॅम, आणि शेवटी बांधायचं 60 ग्रॅमचं शिसं. किलोच्या वर. त्यात आठ फुटांची काठी म्हणजे तराजूची लांब दांडी. शेंड्याकडचे चार ग्रॅम मनगटाला मुठीजवळच्या चाळीस ग्रॅमांइतके जाणवतात. ज्यांना कुणाला हलकी काठी घ्यायची आहे, त्यांना मी कळवळून सांगते : वेष्टनावरचं वजन वाचून घेऊ नका. रीळ लावून, हात पुढे करून धरून बघा, आणि धरू देत नसतील तर पैसे खिशात ठेवून बाहेर या.

फेब्रुवारीत मल्लिपट्टिणमला गेलो. तंजावरहून पट्टुकोट्टैमार्गे साधारण 65 किलोमीटर. ट्रॉलर ठरलेल्या दिवशीच समुद्रात जातात, आम्ही मधला दिवस धरला. होडी फायबरची, होडीवाले साठीच्या पुढचे. मी त्यांना अण्णे म्हणायची, ते मला अम्मा. वाडै म्हणजे उत्तरेचा वारा मंदावला होता. किनाऱ्यावर सरफोजीराजांचा मनोरा दिसत होता, नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून 1814 साली बांधलेला, आठ मजली, षट्कोनी. तमिळ माणसंही त्याला मनोराच म्हणतात. राजाने तो इंग्रजांसाठी उभारला, पण अण्णे त्याच्यावर नजर धरून होडीची जागा ठरवत होते, आणि मला तोच उपयोग मोठा वाटला.

अण्णांकडे काठी नव्हती. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला दोरा, तोही ते बोटावरून सोडायचे. ‘‘तंगूसी चांगली आहे का बघू,’’ असं म्हणून त्यांनी माझा दोरा चिमटीत धरला. आप्पांचा तंगूस त्यांच्या तोंडी ऐकून मी क्षणभर गप्पच झाले. पाणी मोजायचं मापही तेच : आपला वाव, त्यांचा पागम, दोन्ही पसरलेल्या हातांइतकं.

आम्ही किळंगानसाठी गेलो होतो. आपल्या कोकणातली मुडदुशी ती हीच. तोंड बारीक, वाळूतून आमिष ओढून घेते, झडप घालत नाही. माझ्या जाड शेंड्याच्या काठीला, 60 ग्रॅमच्या शिशाला आणि ताणला जाणाऱ्या जाड नायलॉनला ते ओढणं कळतच नव्हतं. अण्णे बोटाने ऐकत होते आणि वर काढत होते. नऊ वाजेपर्यंत त्यांच्या टोपलीत तेवीस, माझ्या दोन. साडेनऊला अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ गेली आणि काठी माझ्या मांडीवर पडली. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. अण्णांना दिसलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. आपल्या डब्यातून शिशाची एक छोटी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘अम्मा, हे तळाला टेकतं. मग याच्याहून जड कशाला?’’

मला सगळं त्या एका वाक्यात मिळालं. दुकानातली माणसं काठीपासून सुरू करतात, सुरू करायचं शिशापासून. जिथे गळ टाकणार तिथलं पाणी किती, ओढ किती, आणि तळाला टेकून राहील असं सगळ्यात हलकं शिसं कोणतं? त्यावर दोराही अवलंबून आहे. जाड दोऱ्याला पाण्याची ओढ जास्त लागते, त्याचा फुगा होतो, मग शिसं वाढवावं लागतं. विणलेला बारीक दोरा पाणी कापत जातो आणि ताणला जात नाही, म्हणून कमी शिशात तळ सापडतो आणि मासा लागल्याचं बोटापर्यंत पोचतं. शिसं ठरलं की काठी ठरते, कारण काठीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. काठी ठरली की तिच्या तोलाचं रीळ. मी हे सगळं उलट्या टोकाने केलं होतं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

पुढच्या महिन्यात तिरुच्चीला एका जुन्या दुकानात गेले, या वेळी एकटीच. अण्णांची गोळी पर्समध्ये होती. मी ती काउंटरवर ठेवली. म्हाताऱ्या मालकांनी ती तोलली, वीस ग्रॅम भरली. त्यांनी साडेसहा फुटांची कार्बनची काठी काढली, 10 ते 30 ग्रॅमची, मऊ शेंड्याची. मी काही म्हणायच्या आत तिला 2500 नंबरचं रीळ बसवलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘दहा मिनिटं धरून उभ्या राहा, मी कॉफी घेऊन येतो.’’

मी काउंटरपाशी काठी धरून उभी राहिले. सहाव्या मिनिटाला अंगठ्याखाली ओळखीची कळ आली. ते परत आले तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी रिळाच्या पुढे काठीखाली एक बोट धरलं, शेंडा खाली झुकला. मग आधीच्यापेक्षा तीसेक ग्रॅम जड रीळ लावलं. बोटावर काठी आडवी, स्थिर राहिली. वजन वाढलं होतं आणि हाताला काठी हलकी झाली होती. ते पुढे म्हणाले, रिळाचं गुणोत्तर पाचच्या जवळपास घ्या, सहाच्या वरचं नको. दोरा हळू येईल, पण मूठ फिरवायला जोर लागणार नाही. मूठ डावीकडे बसवून दिली. त्या दिवशी मी काहीच विकत घेतलं नाही. पैसे होते, पण मला घरी जाऊन विचार करायचा होता, आणि त्यांनी तो करू दिला. चार दिवसांनी जाऊन तीच जोडी आणली.

दुसऱ्या खेपेला किळंगान मोजले नाहीत. एवढे मिळाले की शेजारी वाटले. आमच्या घरी चिंचेचा कोळ घालून करतात तसं कालवण केलं. गोड्या पाण्याने रीळ पुसून ठेवलं. समुद्राच्या मिठाने चांगलं रीळही महिन्याभरात करकरायला लागतं, तेव्हा घरी आल्यावर आधी ते, मग मासे साफ करणं.

तिसऱ्या खेपेला काठी एकदम खाली वाकली आणि तशीच राहिली. धक्का नाही, पळ नाही, नुसतं वजन, जणू तळच गळाला लागला. अण्णे म्हणाले, ‘‘तिरुक्कै.’’ पाकट. ते तळाला अंग चिकटवून बसतं. रिळाची ओढ मी स्प्रिंगच्या काट्यावर पावणेदोन किलोला लावली होती, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्शावर, म्हणून दोरा तुटत नव्हता. पण पाकटही उठत नव्हतं. वीस मिनिटं मी धरून होते. तीन वेळा ते हातभर वर आलं आणि परत बसलं. शेवटी माझ्या बोटांतली जाणीव गेली आणि मीच अण्णांना दोरा कापायला सांगितला. एका जनावराच्या तोंडात गळ राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

परतताना भाचा म्हणाला, ‘‘आत्या, ती आठ फुटी असती तर निघालं असतं.’’ खरं आहे. मोठा मासा तळावरून उचलायला ताठ, जड काठीच लागते. तो दुकानदार त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. घरी येऊन मी दाराआडची ती काठी बाहेर काढली, पुसली, परत ठेवली. भाचा आता ती कोळ्ळिडम नदीवर नेतो आणि तिच्यावर खूश आहे. मी इतके दिवस तिला वाईट काठी म्हणत होते, ते बरोबर नव्हतं. पण मला राग काठीचा नव्हताच. त्या मुलाच्या हातात गेलेल्या त्या रिळाचा होता. तो अजून तसाच आहे.

जूनमध्ये वडवारूत पाणी आलं तेव्हा मी आप्पांच्या जागी गेले. दहा ग्रॅमचं शिसं, गांडूळ, हलकी काठी. दोन शिंगट्या मिळाल्या. रात्री मनगट सुजलं. हलक्या काठीने दुखत नाही असं मी मैत्रिणींना सांगत फिरते, ते पुरतं खरं नाही. दुखतं, फक्त उशिरा दुखतं, आणि तेवढा उशीर मला पुरतो.

परवा कामासाठी त्या शहरात गेले होते. बस त्या दुकानावरून गेली. काचेच्या कपाटात काठ्या एकीकडे, रिळं दुसरीकडे. एक बाई आत उभी होती, पाठमोरी. पुढच्या थांब्यावर मला उतरता आलं असतं. मी उतरले नाही.