मेणवलीचा वाडा

वाईहून कृष्णेच्या कांठानें तीनेक किलोमीटर गेलें म्हणजे मेणवली लागते. अलीकडे या बाजूस घरांच्या जाहिराती उदंड झाल्या आहेत. नदीचें दर्शन, प्रशस्त अंगण, एकत्र कुटुंबास पुरतील इतक्या खोल्या, असें त्यांत ठळक छापलेलें असतें. आमच्या चिरंजीवांनीं तसें एक घर हेरलें असून त्यापायीं वडिलोपार्जित घर विकावें कीं काय, असा खल आमच्याकडे चालू आहे. नदीकांठीं मोठें घर करणें म्हणजे काय, हें सर्वांनीं एकदां डोळ्यांनीं पाहावें, या हेतूनें आम्ही सहकुटुंब नाना फडणविसांच्या वाड्यांत गेलों.

१७६८ मध्यें हा गांव नानांस इनाम मिळाला. त्यांनीं वाडा बांधिला, कृष्णेस घाट बांधिला, आणि घाटावर विष्णु व मेणेश्वर यांचीं देवळें उभारिलीं. वाड्यास सहा चौक! सागवानी खांब, तुळया, भिंतींवरचीं जुनीं चित्रें. आमच्या मतें खरी शहाणीव त्या चौकांत आहे. उजेड-वारा प्रत्येक सोप्यास मिळतो, आणि बाहेर कचेरी चालली तरी माजघरास तिचा उपसर्ग नाहीं. एका छपराखालीं राहून परस्परांपासून चार पावलें दूर राहण्याची ही सोय नव्या नकाशांत आम्हांस दिसली नाहीं.

मंडळी चौक वाखाणीत असतां घरांतून प्रश्न आला, "हे सगळे सारवायचे कोणी?" प्रश्न रास्तच! इनामाच्या उत्पन्नावर असे वाडे उभे राहत. तें आटलें कीं छप्पर शाकारणेंही जड जातें. नानांचें स्वतःचें आयुष्य बहुतेक पुण्याच्या कारभारांत गेलें. १८०० मध्यें ते वारले, तेव्हां त्यांची पत्नी जिऊबाई केवळ बालिका होती; पुढें मेणवलीस राहून तिनें घर राखिलें. येथील दप्तर मात्र वाड्याबाहेर गेलें आणि इतिहाससंशोधकांच्या उपयोगीं पडलें. चिरंजीवांनीं परततांना नव्या घराच्या देखभालीचा खर्च लेखी मागविण्याचें ठरविलें.

घाटावरील घंटा अवश्य पाहावी. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली, त्या स्वारींतील ती लूट असें सांगतात. तिजवर १७०७ हें साल आणि बाळासह मेरी कोरलेली आहे. आमच्या नातीनें ती यशोदा समजून हात जोडिले, व आम्हीं तिला येशूची गोष्ट घाटाच्या पायरीवर बसून सांगितली.