कंस आणि विभक्ती

शाळेत ज्यांनी ‘शाब्दिक उदाहरणां’चा धाक घेतला, त्यांना बीजगणित म्हणजे भाषेपासूनची सुटका वाटते. व्याकरण शिकवता शिकवता मला मात्र ते भाषांतराचेच प्रकरण वाटू लागले आहे.

ही दोन वाक्ये पाहावीत. ‘एका संख्येच्या दुपटीत ३ मिळवले’ आणि ‘एक संख्या व ३ यांच्या बेरजेची दुप्पट केली’. पहिल्याची राशी २क्ष + ३, दुसऱ्याची २(क्ष + ३). क्ष ५ असेल तर उत्तरे १३ आणि १६. हा फरक शब्दांच्या क्रमाने आणि विभक्तीने घडवला. ‘बेरजेची’ या शब्दातील षष्ठी येथे चक्क कंसाचे काम करते.

अक्षरांचेही तसेच. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ याचे समीकरण वि = ६प्रा. पण १९८० च्या आसपास अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी अशाच अर्थाचे इंग्रजी वाक्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तेव्हा बऱ्याच जणांनी समीकरण उलटे, म्हणजे ६वि = प्रा असे मांडले. ‘वि’ हा ‘विद्यार्थी’ या नामाचा संक्षेप वाटला, की असे होते; वास्तविक ती विद्यार्थ्यांची संख्या असते. मात्र चिन्हाचा उगम शब्दात असू शकतो, हेही खरे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्तांना यावत्तावत्, कालक, नीलक म्हटले आणि लिहिताना या, का, नी एवढेच ठेवले.

माझी भाची सेमी-इंग्रजीत शिकते. गणित तिला उत्तम येते. २(क्ष + ३) मराठीत सांग म्हटल्यावर ती म्हणाली, ‘दोन कंसात क्ष अधिक तीन.’ हे चिन्हांचे वाचन झाले, अर्थ नव्हे. कवितेचा अर्थ विचारल्यावर ओळीच पुन्हा म्हणून दाखवणारे विद्यार्थी आपण रोज पाहतो. ‘पाऊणपट’ हा शब्द तर तिला नवाच होता. दीडपट, अडीचपट, पाऊणपट : अपूर्णांकाने केलेला गुणाकार मराठी एका शब्दात बोलते. हे शब्द वापरातून गेले, तर हिशोब अडणार नाही. पण तो स्वतःच्या भाषेत स्वतःला समजावून सांगण्याची सोय जाईल.

म्हणून व्याकरणाच्या तासाला मी आता फळ्यावर एक राशी लिहितो आणि ‘कंस’ हा शब्द न वापरता तिचे वाक्य करायला सांगतो. षष्ठी कशासाठी असते, हे त्या तासाला वेगळे सांगावे लागत नाही.