आजी, दहापैकी किती दुखतं?

खुब्याचा सांधा बदलल्यावर आजीला कुणी विचारलं, "कसं आहे?" तर उत्तर ठरलेलं, "बरं आहे." बेने इस्राएल घरांतल्या जुन्या माणसांना सोसायची सवय असते.

जर्मनीतल्या येना शहरात मात्र असं मोघम विचारत नाहीत. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकाराने २००९ साली 'पेन आउट' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला प्रश्नावली देतात. सगळ्यात जास्त दुखलं, ते ० ते १० मध्ये किती? दुखण्याने झोप मोडली का? मळमळलं का? आणखी औषध हवं होतं का?

हे विचारण्यामागे कारण आहे. दुखतं म्हणून माणूस पडून राहिला, तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वेळेवर घेतलेलं औषध त्याला उभं राहायला, चालायला मदत करतं.

ऑपरेशनआधी घरी चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण ती आपल्या मनाने बंदही करू नयेत. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी शौचाला कडक होते, तेही लाजून लपवू नये.

शब्बाथ आहे म्हणून गोळी चुकवायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला शब्बाथच्या दिवशी औषध घ्यायला आपल्या धर्मनियमांत मुभा आहे.

तेव्हा नातवंडांनी आजीला आकडा विचारावा. तो मोठा असेल, तर लगेच नर्सला सांगावं.