उठा म्हणण्यापूर्वी

उज्जैन येथे एका मराठी कुटुंबास भेट देण्यास आम्ही गेलो, तेव्हा त्या घरच्या माउलीचा उजवा पाय लुळा पडला होता. तपासणीत मेंदूस इजा आढळली नव्हती. “मग श्रद्धा ठेवा नि उठा,” असे आम्ही बोलून गेलो. त्यांचे डोळे भरून आले. चूक आमची होती.

या आजारात मज्जासंस्थेची रचना शाबूत असते. मेंदू व अवयव यांमधील निरोपांची देवघेव तेवढी बिघडते. हे सोंग नव्हे, भूतबाधाही नव्हे. सन १९०८ मध्ये हूवर नामक अमेरिकन डॉक्टरांनी वर्णिलेली खूण त्यांना प्रत्यक्ष दाखविण्यात आली: उताणे निजून चांगला पाय जोराने उचलू लागताच लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. बळ आहे, वाट चुकली आहे!

तेव्हापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या घरीच अभ्यास करतात. पायाकडे न पाहता गीत गुणगुणत चालतात, कंपाची चाहूल लागताच जपमाळेचे मणी चाचपत समोरच्या पाच वस्तूंची नावे घेतात, थकण्यापूर्वीच विसावतात. नवे लक्षण दिसल्यास मात्र डॉक्टरांकडे जातात. वाईट दिवस अजूनही येतात.

गेल्या रविवारी त्या दोनदा थांबत मिस्सेला चालत आल्या. आम्ही त्यांची क्षमा मागितली. प्रिय वाचकहो, अशा रुग्णास “उठा” म्हणण्यापूर्वी त्याच्यापाशी घटकाभर बसावे.