पंधरा लाख किलोमीटरवरचा ठिपका

हबल दुर्बीण बघायला आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. ती सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली आहे. त्यामुळे युरोपातल्या बऱ्याच मंडळींच्या क्षितिजावर जी येतच नाही, ती पुण्या-मुंबईत थेट डोक्यावरून जाते. वेळ माहीत असली की संध्याकाळी गच्चीत जायचं आणि सरकत जाणारा एक तारा बघायचा. दुर्बीण बघायला दुर्बीण लागत नाही.

जेम्स वेब दुर्बिणीला लागते. आणि बरंच काही लागतं.

२५ डिसेंबर २०२१ ला आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली असताना फ्रेंच गयानातल्या कुरूहून तिला घेऊन एरियान ५ रॉकेट उडालं. अर्ध्या तासाच्या आत वेब रॉकेटपासून सुटी झाली, आणि रॉकेटवरच्या कॅमेऱ्यानं तिचा सौरपंखा उघडताना दाखवला. हौशी मंडळींच्या दृष्टीनं गंमत पुढेच आहे. वेबवर तिचं उलगडणं बघणारा एकही कॅमेरा नव्हता. २१ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद पाच थरांची छत्री उलगडली, सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा तुकड्यांचा साडेसहा मीटरचा आरसा जुळला. या सगळ्याची बातमी पृथ्वीवर आली ती तापमानं, विजेचे प्रवाह आणि मोटरींच्या नोंदींतून. डोळ्यांनी कोणी काही पाहिलं नाही. तिची त्यानंतरची बहुतेक चित्रं निघाली ती जमिनीवरच्या दुर्बिणींतून, आणि त्यांतल्या कित्येक आमच्यासारख्यांच्या होत्या. चित्र म्हणजे एक ठिपका.

सोसायटीतल्या एका आजींनी मला विचारलंही होतं, "एवढ्या थंडीत वर काय बघता हो?" ओमिक्रॉनची लाट होती, रात्रीची बंधनं होती, गावाबाहेरच्या अंधारात जायची सोय नव्हती. "ठिपका," मी म्हटलं. त्यांनी घरच्यांची चौकशी केली आणि खाली गेल्या.

ठिपका पकडण्याची रीत तशी सरळ आहे. वेब पंधराव्या-सोळाव्या प्रतीच्या आसपास. डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यांपेक्षाही हे हजारो पटींनी मंद, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून उपयोग नाही, कॅमेराच हवा. एकेक मिनिटाच्या पुष्कळ फ्रेम घ्यायच्या. त्या ताऱ्यांवर जुळवून एकावर एक रचल्या तर तारे ठसठशीत येतात आणि वेब पुसली जाते, कारण ती सरकत असते. म्हणून रचताना तिच्या वेगानं रचायचं. मग तारे रेघा होतात आणि ती एकटी गोल राहते. इटलीतल्या जानलुका मासी यांनी २४ जानेवारीला, वेब मुक्कामी पोहोचली त्याच दिवशी, टिपलेलं चित्र असंच आहे: रेघांच्या गर्दीत एक टिंब.

पण दुर्बीण रोखायची कुठे? इथे आमच्या छंदातल्या जुन्या माणसांनाही थांबून विचार करावा लागतो. गुरूचं स्थान पंचांगातून काढलं तर ते पुण्यात, पणजीत आणि पॅरिसमध्ये आमच्या कामापुरतं एकच असतं. वेबचं नसतं. ती पृथ्वीच्या इतकी जवळ आहे की पृथ्वीच्या दोन विरुद्ध कडांवरून एकाच क्षणी पाहिलं तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तिच्या जागेत अर्ध्या अंशाचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण चंद्रबिंबाएवढा फरक पडतो. पृथ्वीच्या केंद्रासाठी काढलेले आकडे घेऊन बसलात तर ती तुमच्या फ्रेमच्या बाहेरूनही जाईल. गणितात तुमच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश घालावे लागतात. विश्वातल्या पहिल्या दीर्घिका बघायला निघालेली दुर्बीण शोधायची तर पत्ता आपल्याच घराचा द्यावा लागतो, हे मला फार आवडलं.

तिच्या वेगाचंही असंच. चंद्राचं अंतर तिनं अडीच दिवसांत ओलांडलं, आणि उरलेल्या वाटेला जवळजवळ महिना घेतला. चढावर पॅडल न मारता सोडलेल्या सायकलसारखी ती हळू होत गेली, आणि ते मुद्दाम होतं. तिची ढकलणारी इंजिनं सूर्याकडच्या गरम बाजूला आहेत. वेग जास्त झाला तर उलटं फिरून ब्रेक लावायची सोय नाही, कारण तसं केलं तर थंड राहायला हवी ती बाजू उन्हात येईल. म्हणून एरियाननं तिला जरा कमीच ढकललं, आणि बाकीचं तिनं तीन छोट्या धक्क्यांत पुरं केलं. एरियाननं नेम इतका अचूक साधला की बरंच इंधन वाचलं.

चंद्र मात्र आमच्या बाजूनं नव्हता. वेबच्या मुक्कामाची जागा, लाग्रांजचा दुसरा बिंदू, पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला. पौर्णिमेचा चंद्रही तिथेच उगवतो. अमावास्या २ जानेवारीला होती. १७ च्या शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण झाकून ठेवण्यात शहाणपण होतं.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं लोक विचारतात. नासाला ती कुठे आहे हे माहीत होतंच. आम्ही काही शोध लावला नाही, आणि लावल्याचा आव आणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. तरी जमिनीवरून अंतराळयानं बघत राहणं हे निव्वळ हौसेचं काम नाही. युरोपच्या गाया दुर्बिणीला ताऱ्यांची स्थानं इतक्या बारकाईनं मोजायची होती की तिचं स्वतःचं स्थानही जमिनीवरच्या दुर्बिणींतून नियमित टिपावं लागलं. आणि ती निघाली अपेक्षेपेक्षा कितीतरी मंद, अठराव्याऐवजी एकविसाव्या प्रतीची. उलटही घडतं. नोव्हेंबर २००७ मध्ये पृथ्वीजवळून जाणारा एक 'लघुग्रह' सापडला, त्याला २००७ व्हीएन८४ असं रीतसर नावही मिळालं, आणि मग कळलं की ते धूमकेतूकडे निघालेलं रोझेटा यान आहे. आकाशात आपण काय काय सोडलंय याची यादी ठेवणारे डोळे हवेतच.

माझं कारण वेगळं होतं. वेबच्या जागेतल्या ज्या फरकानं आधी अडचण केली, त्याच फरकानं अंतर मोजता येतं. माझा भाचा म्युनिकला असतो, त्याच्याकडे लहानशी पण चांगली दुर्बीण आहे. "मामा, इथे जानेवारीत आकाश बघायचं म्हणजे विनोद आहे," असं म्हणत तो तयार झाला. आमच्या मध्यरात्रीनंतर त्याची संध्याकाळ असते, वेब दोघांनाही दिसते. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या अमावास्येला ढगांच्या फटीतून त्याला एकच बरी फ्रेम मिळाली, मी ठरलेल्या वेळी घेतलेल्या फ्रेमपेक्षा काही मिनिटं उशिराची. तेवढ्यात ती सरकणार. पण माझ्याकडे पुढच्याही फ्रेम होत्या, त्यांवरून त्याच्या वेळेला ती मला कुठे दिसली असती ते काढलं. दोन टिंबांमधला फरक चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भरला. पुणे-म्युनिक अंतर माहीत, कोन माहीत. ते अंतर हवेतून नाही, जमिनीच्या पोटातून सरळ धरायचं, आणि तेही वेबच्या दिशेनं तिरकं करून. पुढची शाळेतली त्रिकोणमिती.

उत्तर जाहीर आकड्याच्या जवळ आलं. जो थोडा फरक राहिला तो त्याच्या लॅपटॉपच्या घड्याळामुळे की माझ्या, यावरून मामा-भाचे अजून भांडतात. पुढच्या वेळी दोघांनी जीपीएसवरून वेळ लावायची असं ठरलंय, आणि त्यानं मार्चचा आग्रह धरलाय, म्हणजे निदान बर्फ तरी नसेल.