क्रियापद नसलेले चरित्र

चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही वर्गात दरवर्षी एक साधा प्रयोग करतो. एखाद्या व्यक्तीचा कोरडा सेवावृत्तान्त विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा आणि त्यातून माणूस उभा राहतो का, हे पाहायला सांगायचे. शिक्षक असो, अभियंता असो वा जिल्हाधिकारी, कोठेतरी एखादा पूल, एखादी अकाली बदली, एखादा वाद सापडतो आणि तेथून चरित्राला तोंड फुटते. एका वर्षी आम्ही अमेरिकी नौदलातील ॲडमिरल मायकेल रॉजर्स यांचा वृत्तान्त दिला आणि वर्ग अडला. बराच वेळ कागद न्याहाळून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, यात सगळी नामेच आहेत. क्रियापद एकच आहे, 'होते'."

तिचे निरीक्षण अचूक होते. जन्म १९५९, शिकागो. १९८१ मध्ये ऑबर्न विद्यापीठाची पदवी आणि नौदलात कमिशन. पहिली पाच वर्षे युद्धनौकांवर. ग्रेनाडा, बैरूत, एल साल्वादोरचा किनारा. १९८६ साली गूढलिपी शाखेत बदली, आणि येथून समुद्र जवळजवळ दिसेनासा होतो. २००३ च्या इराक युद्धाच्या वेळी संयुक्त मुख्यालयात संगणकजाळ्यांवरील हल्ल्यांचे काम. २००७ मध्ये पॅसिफिक विभागाचे गुप्तवार्ता प्रमुख, २००९ मध्ये तेच काम तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयासाठी. २०११ मध्ये नौदलाच्या सायबर विभागाचे आणि दहाव्या ताफ्याचे प्रमुखपद. या ताफ्याकडे एकही जहाज नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी १९४३ साली तो स्थापन झाला तेव्हाही नव्हते. २०१० मध्ये तो सायबर युद्धासाठी पुन्हा उभा करण्यात आला. शेवटी एप्रिल २०१४ ते मे २०१८ राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, संचालक आणि त्याच वेळी सायबर कमांडचे सेनापती. ऐकणारा आणि वार करणारा, दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. सदतीस वर्षांची सेवा एका पानात मावते आणि तरी पान रिकामेच वाटते.

हाच वृत्तान्त आम्ही का निवडला, ते विद्यार्थ्यांना त्या दिवशी सांगितले नाही. येथे सांगतो.

मे २०१७ मधील तिसऱ्या आठवड्यात आमच्या विभागातील संगणकाच्या पडद्यावर लाल रंगाची एक चौकट आली. तीनशे डॉलर द्या, तेही बिटकॉइनमध्ये. तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होईल, सात दिवसांनंतर धारिका कायमच्या जातील. बिटकॉइन म्हणजे काय, हे विभागात कोणालाच धड ठाऊक नव्हते. त्या संगणकात आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी नऊ वर्षे खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. टंकलेखन पूर्ण झाले म्हणून वह्यांपैकी निम्म्या रद्दीत गेल्या होत्या. गायलेल्या आजीबाईंपैकी कित्येक आता हयात नव्हत्या.

'वॉनाक्राय' हे त्या संकटाचे नाव, हे आम्हाला वर्तमानपत्रांतून कळले. १२ मे रोजी ते सुरू झाले आणि काही दिवसांत दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने गाठले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढे अमेरिकेने आणि ब्रिटनने या कृत्याचे खापर उत्तर कोरियावर फोडले. पण दार फोडण्याचे हत्यार त्यांचे नव्हते. विंडोज प्रणालीतील एक भगदाड एनएसएला ठाऊक होते आणि त्यातून आत शिरण्याचे साधन तिने घडवून जपून ठेवले होते. वृत्तपत्रांनी लिहिले की, ही जपणूक पाच वर्षांहून अधिक काळ चालली होती. 'शॅडो ब्रोकर्स' या नावाने वावरणाऱ्या अज्ञातांनी ते साधन एप्रिल २०१७ मध्ये जगासमोर फेकले. मायक्रोसॉफ्टने त्याआधी महिनाभर दुरुस्ती प्रसृत केली होती. आमच्या संगणकावर ती कोणी बसवली नव्हती, हा दोष आमचा. मात्र त्या वेळी संस्थेच्या प्रमुखपदी जे गृहस्थ होते, त्यांच्या चरित्राविषयी आम्हाला एकाएकी कुतूहल वाटू लागले. कोठे मेरीलँडमधील फोर्ट मीड आणि कोठे आमच्या बाईंच्या ओव्या! पण धागा होता.

रॉजर्स यांच्यावर आरोपपत्र ठेवण्याचा आमचा इरादा नाही. स्नोडेन प्रकरण २०१३ चे, त्यांच्या आधीचे. ते पदावर आले तेव्हा संस्थेवरचा विश्वास ढासळलेला होता. २०१५ च्या कायद्याने दूरध्वनींच्या नोंदी सरसकट साठवण्याची पद्धत बंद झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे इशारा दिला होता की, चीन आणि आणखी एकदोन देश अमेरिकेची वीजव्यवस्था बंद पाडू शकतील. म्हणजे भगदाडांचे भय त्यांना इतरांहून अधिक ठाऊक होते. पेच नेमका येथेच आहे. भगदाड सापडले तर ते बुजवायला सांगायचे की शत्रूच्या घरात शिरण्यासाठी गुप्त राखायचे? दोन्ही बाजूंना देशाची सुरक्षितताच उभी असते. हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यायचा, याची नियमावली व्हाइट हाउसने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर आमच्या सात दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

या चरित्राच्या जोडीला आम्ही आता त्याच नौदलातील एक जुने चरित्र वाचायला देतो. जोसेफ रॉशफोर्ट यांनी १९२९ ते १९३२ जपानमध्ये राहून जपानी भाषा आत्मसात केली. १९४२ मध्ये पर्ल हार्बरच्या एका तळघरात ते जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश उलगडत होते. हल्ल्याचे ठिकाण 'एएफ' या दोन अक्षरांनी दर्शवले जात असे. ते मिडवे बेट असावे, हा त्यांच्या चमूचा तर्क. पडताळणीसाठी मिडवेवरून उघड भाषेत संदेश धाडण्यात आला की, गोडे पाणी करण्याचे यंत्र बिघडले आहे. थोड्याच अवधीत जपानी संदेश पकडला गेला: 'एएफ'वर पाण्याची टंचाई आहे. विद्यार्थ्यांना हे तत्काळ भावते, कारण हे वाचन आहे. संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावणे आपण रोज करतो. लढाई जिंकली गेली, पण त्याच वर्षी रॉशफोर्ट यांना तेथून हलवण्यात आले आणि पुढे एका तरंगत्या गोदीचे काम त्यांच्याकडे आले. १९७६ मध्ये ते वारले. सन्मानपदक त्यांच्या कुटुंबीयांना १९८६ साली मिळाले. या चरित्रात क्रियापदे आहेत, कारण गुपिते उघडी होण्याइतका काळ लोटला. रॉजर्स यांच्या चरित्राला तो अवधी अजून मिळायचा आहे.

परंतु फरक केवळ काळाचा नसावा, असे आम्हाला वाटते. रॉशफोर्ट शत्रूचे पत्र वाचत होते. रॉजर्स यांच्या काळात पत्र वाचण्यासाठी जे कुलूप उघडायचे, तेच कुलूप रुग्णालयाला, शाळेला आणि आमच्या विभागालाही लावलेले असते. एकाची किल्ली हरवली की सर्वांची घरे उघडी पडतात.

बाईंनी पैसे भरू दिले नाहीत. उरलेल्या वह्या घेऊन त्या पुन्हा गावोगाव गेल्या. काही ओव्या सुनांच्या तोंडी सापडल्या, थोड्या बदललेल्या. बऱ्याच सापडल्या नाहीत. एका आजीने काही ओव्या 'घरात कुणाला दाखवू नका' या अटीवर सांगितल्या होत्या. त्या वह्या रद्दीत गेल्या होत्या आणि आजी वारली होती. त्या परत मिळाल्या नाहीत, याचे वाईट वाटावे की बरे, हे बाईंना अजून ठरवता आलेले नाही. आम्हालाही नाही.